युरिया, पाणी आणि प्रथिनांची घडी

सोलापुरात होम मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात एक विक्रेता पाइपावर बसवायचे चुंबक दाखवत, यातून गेलेल्या पाण्याची ‘रचना सुधारते’ असे सांगत होता. पाण्याला रचना असते हे खरे, कारण त्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या तीन-चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो. पण हे बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाएवढ्या काळात तुटून पुन्हा जुळतात. पाइपातून पिकापर्यंत टिकेल अशी रचना पाण्यात राहूच शकत नाही, आणि अशा यंत्रांवर शेतकऱ्याचा पैसा जावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाण्याच्या रचनेने रसायनशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे चकवले. 1888 मध्ये प्राग येथे फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी अंड्यातील प्रथिनांवर होणाऱ्या परिणामानुसार क्षारांची क्रमवारी लावली. पुढे युरिया, ग्वानिडीन, थायोसायनेट या रसायनांना ‘केऑट्रॉपिक’, म्हणजे अव्यवस्था माजवणारे, असे नाव मिळाले; हे पदार्थ पाण्याची वीण उसवतात म्हणून प्रथिनांच्या दुमडलेल्या साखळ्या उलगडतात, अशी समजूत होती. 2003 मध्ये लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी याच वर्गातले परक्लोरेटसारखे आयन (विद्युतभारित कण) पाण्यात तपासले, तेव्हा आयनाला अगदी चिकटलेल्या थरापलीकडचे पाणी जवळजवळ जसेच्या तसे आढळले, म्हणजे वीण उसवण्याची समजूत डळमळली.

मग युरिया नेमके काय करतो? फवारणीसाठी युरिया बादलीत ढवळताना हाताला गारवा लागतो, कारण त्याचे स्फटिक विरघळताना उष्णता शोषली जाते. पाण्यात मात्र तो सहज सामावतो. प्रयोगशाळेतील 8 मोलर तीव्रतेच्या द्रावणात लिटरमागे 480 ग्रॅम युरिया असतो, म्हणजे युरियाच्या एका रेणूमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच रेणू उरतात. प्रथिनाची साखळी आपले तेलकट भाग आत लपवून दुमडलेली असते, आणि या घडीची एकूण मजबुती मोजक्या हायड्रोजन बंधांइतकीच असते. युरिया साखळीच्या कण्याशी स्वतः हायड्रोजन बंध जुळवतो, तेलकट भागांनाही पाण्यापेक्षा त्याचा शेजार मानवतो. उलगडलेल्या साखळीवर त्याला बसायला जागा अधिक मिळते, म्हणून पारडे उलगडण्याकडे झुकते. साखळी तुटत मात्र नाही. युरिया काढून घेतल्यावर रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन आपोआप पूर्ववत दुमडते, हे ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सन यांनी दाखवले आणि त्यांना 1972 चे नोबेल मिळाले. 2 टक्के फवारणीत लिटरमागे 20 ग्रॅमच युरिया असतो, त्यामुळे पानातील प्रथिने त्याने उलगडतील ही भीती नको.

करोनाच्या चाचण्यांत ग्वानिडीन थायोसायनेटचा असाच उपयोग झाला. ते विषाणूची प्रथिने उलगडते, आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याची, नासाडी करणारी विकरे (एन्झाइम) निकामी करते आणि आरएनएला सिलिकावर, म्हणजे वाळू-काचेतल्या पदार्थावर, चिकटू देते; ग्वानिडीन धुऊन टाकले की तोच आरएनए थोड्या शुद्ध पाण्यात सुटून येतो.