पट्ट्यात अडकवलेली गिटार खाली का झुकते?

उभं राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात नीट बघा. बोटं तारा दाबण्यात गुंतलेली असतात, पण पुष्कळदा त्याच हाताचा तळवा आणि अंगठा आणखी एक काम करत असतात: गिटारचा नेक (तारा दाबायची लांब दांडी) वर तोलून धरायचं. हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, जमिनीकडे निघतो, पट्टा खांद्यावरून सरकतो आणि बॉडीचं मागचं टोक वर चढतं. वादक याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. सोलापुरात गणेशोत्सवापासून लग्नसराई संपेपर्यंत ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम चालू असतात. दोन-तीन तास उभं राहून वाजवणाऱ्या मुलामुलींचं मनगट शेवटच्या गाण्यांपर्यंत भरून येतं आणि मग त्यांना ऐकवलं जातं की रियाज कमी पडतोय. मला हे पटत नाही. बऱ्याचदा दोष रियाजात नसतो, एका स्क्रूच्या जागेत असतो.

पट्टा गिटारला दोन बटणांवर अडकतो. एक बटण बॉडीच्या मागच्या टोकाला, दुसरं पुढे नेकच्या बाजूला. गिटारचं सगळं वजन ज्या एका बिंदूत एकवटलंय असं मानता येतं तो तिचा गुरुत्वमध्य. हा बिंदू दोन बटणांच्या बरोबर मध्ये असेल, तर दोन्ही बटणांवर सारखा भार येईल. तो पुढच्या बटणाजवळ असेल, तर जवळजवळ सगळा भार पुढच्या बटणावर येईल आणि पट्ट्याची मागची बाजू ढिली पडेल.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. गिटार ३.२ किलोची आहे. गुरुत्वमध्यापासून पुढचं बटण ८ सेंटीमीटरवर आणि मागचं ३८ सेंटीमीटरवर आहे. तरफेच्या नियमाने, गिटार आडवी राहायची असेल तर पुढच्या बटणाने मागच्याच्या ३८ भागिले ८, म्हणजे पावणेपाच पट भार घ्यायला हवा. पुढचं बटण १८ सेंटीमीटरवर असतं, तर हेच गुणोत्तर सव्वादोनच्याही खाली आलं असतं. हेडस्टॉकमध्ये किंवा लाकडात काहीही बदललेलं नाही, फक्त बटण दहा सेंटीमीटर पुढे गेलं. म्हणून ‘हेडस्टॉक जड आहे’ हे लगेच दिलं जाणारं उत्तर मला अपुरं वाटतं.

गिटारच्या इतिहासातही हे दिसतं. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस (खर्जातली गिटार) १९५१ सालचा. त्याच्या लांब नेकला तोलण्यासाठी बॉडीचं वरचं शिंग (नेकच्या बाजूला निघालेलं टोक) पुढे लांबवलेलं होतं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तेच केलं. तिचं वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पोचतं आणि पट्ट्याचं बटण त्या शिंगाच्या टोकावर बसतं. १९६१ साली गिब्सन कंपनीने आणलेली पातळ, दोन शिंगांची गिटार पुढे एसजी नावाने ओळखली गेली. तिची बॉडी हलकी, नेक बॉडीबाहेर बराच निघालेला आणि पुढचं बटण नेकच्या मुळाशी, मागच्या बाजूला. नेक बाहेर असल्याने वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो, आणि त्याच रचनेमुळे गुरुत्वमध्य बटणाच्या जवळ येतो. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी हेडस्टॉकच काढून टाकलेला बेस बाजारात आणला, तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सुटला.

पण मग एक शंका येते. भार पावणेपाच पट असमान असूनही काही जणांची गिटार जागची हलत नाही, ती कशी?

इथे घर्षण मदतीला येतं, आणि हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आसपास ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिले आहेत, त्यांना जुन्या पद्धतीच्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, बीम कसा रोखतात ते माहीत असेल. बीमच्या टोकांना दोर किंवा साखळी गुंडाळतात आणि तिला वजन लटकवतात. गुंडाळलेल्या दोरामुळे थोडक्या वजनाने चादरीचा सगळा ताणा आवळलेला राहतो. विणलेलं कापड पुढे गुंडाळलं जाऊन ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की बीम थोडासा फिरून धागा सोडतो. गोल वस्तूभोवतीचा दोर एका बाजूच्या ओढीला दुसऱ्या बाजूला किती पटीने तोलू शकतो, याचा हिशेब अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडला. ती पट दोनच गोष्टींवर ठरते: दोर किती कोनातून गुंडाळलाय आणि पृष्ठभाग किती खरखरीत आहे. गोल वस्तू जाड की बारीक, याने फरक पडत नाही.

खांद्यावरचा पट्टा म्हणजे अर्धा वेढा. गुळगुळीत नायलॉनच्या पट्ट्याचा शर्टावरचा घर्षणांक (खरखरीतपणाचा आकडा) ०.२ धरला, तर अर्ध्या वेढ्यात एक बाजू दुसरीच्या फार तर १.९ पट ओढ सोसते. आतून खरखरीत असलेल्या कातड्याचा घर्षणांक ०.५ धरला, तर ४.८ पट. घर्षणांक अडीच पट झाल्यावर इथे पकडही साधारण अडीच पट झाली, पण तो योगायोग आहे; इथली वाढ चक्रवाढीसारखी आहे. आपल्या उदाहरणातल्या गिटारला ४.७५ पट हवी होती. कातड्यावर ती जेमतेम टिकते, नायलॉनवर सुटते. नायलॉनचा पट्टा असताना ती आडवी ठेवायची, तर पहिल्या फ्रेटजवळ डाव्या हाताला सुमारे अर्धा किलो भार उचलावा लागतो. अर्धा किलो काही फार नाही, पण तो कार्यक्रम संपेपर्यंत उचलायचा आणि त्याच हाताने कॉर्डही बदलायचे.

घरी सुती टी-शर्टवर शहाण्यासारखी राहणारी गिटार स्टेजवर सॅटिनच्या जॅकेटवर का घसरते, तेही यातून कळतं. गिटार तीच आहे, खांद्यावरचं कापड बदललं.

हे सगळं घरी मोजता येतं. सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा असेल तर उत्तम. दोन काटे मिळवा, तारा लावलेली गिटार दोन्ही बटणांना दोरीने बांधून त्यांच्यावर आडवी लटकवा आणि मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. ही झाली गिटारची मागणी. मग एका आडव्या पाइपवर कार्यक्रमातला शर्ट गुंडाळून घट्ट बांधा आणि त्यावरून पट्टा सोडा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बाटल्या टांगा. दोन्हींत सुरुवातीला सारखं, साधारण अर्धा लिटर पाणी ठेवा आणि एकीत हळूहळू वाढवत जा. पट्टा सरकायला लागला की थांबा. दोन्ही बाटल्यांच्या वजनांचं गुणोत्तर काढा. ती झाली पट्ट्याची कुवत. मागणी कुवतीपेक्षा जास्त असेल तर नेक झुकणार. खांदा काही पाइपइतका गोल नसतो, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण कुठला पट्टा घ्यावा आणि फक्त पट्टा बदलून भागेल का, एवढं नक्की समजेल.

बहुतेक लोक आधी पट्टाच बदलतात आणि ते योग्यच आहे. रुंद, आतून खरखरीत पट्टा स्वस्त पडतो आणि गिटारला हात लावावा लागत नाही. मात्र असमान ओढ त्याने नाहीशी होत नाही. पट्टा शर्टाला धरून बसतो, मग शर्ट ओढला जातो, कॉलर मानेवर काचते. चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर असताना घामेजलेल्या मानेवर हे चांगलंच जाणवतं. म्हणून मागणी चारच्या वर असेल तर मी बटण हलवण्याच्या बाजूचा आहे.

नेकच्या मुळाशी असलेलं बटण वरच्या शिंगाच्या टोकावर नेलं, तर ते मॉडेलप्रमाणे काही सेंटीमीटर पुढे जातं. चारच सेंटीमीटर धरा: ८ चे १२ झाले आणि मागणी ४.७५ वरून ३.२ वर आली. लागणारा घर्षणांकही ०.५ वरून ०.३७ झाला, म्हणजे साध्या सुती पट्ट्यावरही भागण्याची शक्यता निर्माण झाली. दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण महत्त्वाचा आहे. शिंगावरचं बटण उंच असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य दोन्ही बटणांना जोडणाऱ्या रेषेच्या बराच खाली जातो. अशी गिटार थोडी झुकली, तर गुरुत्वमध्य मागच्या बटणाकडे सरकतो आणि झुकणं थोड्यावरच थांबतं. गुरुत्वमध्य रेषेला चिकटून असेल, तर ती थेट जमिनीकडे जाते.

शेपटाकडे वजन वाढवण्याचा उपायही बरेच जण करतात. टायरवाल्याकडे चाकाच्या तोलासाठी चिकटवायची वजनं मिळतात, ती सर्किटच्या पोकळीत वायरींपासून दूर बसवता येतात. आपल्या उदाहरणात मागच्या टोकाला ३०० ग्रॅम लावले, तर गुरुत्वमध्य सव्वातीन सेंटीमीटर मागे येतो. काम होतं, पण साडेतीन किलो खांद्यावर येतात. त्यापेक्षा हेडस्टॉकवरचे जड ट्युनर (तारा आवळायच्या खुंट्या) बदलून हलके बसवणं मला जास्त पटतं. हेडस्टॉक गुरुत्वमध्यापासून अर्ध्या मीटरहून लांब, म्हणून तिथले १०० ग्रॅम कमी केले तर बिंदू जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर सरकतो. शेपटाला १०० ग्रॅम वाढवून सव्वा सेंटीमीटरही मिळत नाही. शिवाय गिटार हलकी होते. खर्च मात्र जास्त, आणि नवे ट्युनर जुन्या भोकांत बसतात का ते आधी मोजून घ्यावं लागतं.

बटण हलवायचं ठरलं तर छिद्र पाडण्याआधी दोरीने चाचणी घ्या. शिंगाच्या टोकाभोवती मजबूत दोरी बांधून पट्टा तिला अडकवा, खाली गादी ठेवा आणि कार्यक्रमाच्या कपड्यांत हात सोडून बघा. पटलं तर चांगल्या सुताराकडून छिद्र पाडून घ्या. छिद्र स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक असावं, नाहीतर लाकूड फाटतं किंवा स्क्रू ढिला राहतो. रंगावर आधी चिकटपट्टी लावली तर कडेचा पापुद्रा उडत नाही. स्क्रूच्या आट्यांना मेण चोळलं की तो न अडता आत जातो, आणि बटणाखाली फेल्टची चकती घातली की रंग दबत नाही. जुनं भोक लाकडी खुंटी आणि डिंक घालून बुजवता येतं, पण घाई नको. नव्या जागी आठवडाभर वाजवून झाल्यावर काटे पुन्हा लावा आणि गुणोत्तर परत मोजा. ते पट्ट्याच्या कुवतीच्या आत आलं असेल, तरच जुनं भोक बुजवा.