उकळण्याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन

गरम पृष्ठभागावर द्रव उकळताना उष्णता किती वेगाने निघून जाते, वाफ किती होते, बुडबुडे किती मोठे होऊन सुटतात, हे समीकरणं सोडवून कॉम्प्युटरवर काढायचं, त्याला बॉइलिंगचं सिम्युलेशन म्हणतात. बॉयलर, अणुभट्टी, एसीचा इव्हॅपोरेटर, चिप थंड करणं, सगळीकडे हे लागतं.

१ किलो पाणी ० पासून १०० अंशापर्यंत तापवायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला जवळपास २२५७, म्हणून उकळतं पाणी इतकी उष्णता ओढून नेतं. पण याला एक मर्यादा आहे आणि सगळा धोका तिथेच आहे. १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यातल्या तारेतून करंट सोडून उकळण्याचा आलेख काढला, त्यात दिसलं की एका हद्दीनंतर वाफेचा थर तारेला झाकून टाकतो आणि तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उडी मारतं. साध्या हवेच्या दाबाला पाण्यासाठी ही हद्द दर चौरस मीटरला साधारण १० लाख वॅट. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन युनिट्समध्ये पाणी थेट अणुभट्टीच्या गाभ्यातच उकळतं, तिथे ही हद्द आधीच माहीत असावी लागते, ओलांडून बघायची सोय नाही.

सिम्युलेशनमध्ये वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेची समीकरणं तर असतातच, पण खरं काम पाणी आणि वाफ यांच्यामधली सीमा सांभाळण्याचं. त्यासाठी जागेचे बारीक कप्पे (सेल) पाडतात, त्या जाळीला मेश म्हणतात. व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धत प्रत्येक सेलमध्ये द्रव किती टक्के आहे ते धरून चालते, लेव्हल सेट सीमेपासूनचं अंतर धरते, फ्रंट ट्रॅकिंगमध्ये सीमेवर बिंदूच ठेवतात. पाण्याची वाफ झाली की आकारमान जवळजवळ १६०० पट होतं, त्यामुळे सीमेवर वेग एकदम बदलतो आणि टाइमस्टेप, म्हणजे गणितातली वेळेची एकेक पायरी, जरा मोठा झाला की गणित फुटतं. किती वाफ होतेय हे सीमेवर येणाऱ्या उष्णतेला लेटंट हीटने (एक किलो पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता, वरचे २२५७) भागून काढणं सगळ्यात सरळ, पण बरेच जण ली मॉडेल (तापमान उकळबिंदूपेक्षा किती जास्त आहे त्यावरून वाफ काढणारं सूत्र) वापरतात कारण ते सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. त्यात एक गुणांक हाताने द्यावा लागतो, आणि तो प्रयोगाशी उत्तर जुळेपर्यंत बदलत बसलं तर त्याला भाकीत म्हणता येत नाही, मग चित्र कितीही रंगीत येऊ दे. आधी स्टेफान प्रॉब्लेम (सपाट सीमेवर वाफ होत जाण्याचं साधं उदाहरण, ज्याचं नेमकं उत्तर कागदावर काढता येतं) आणि स्क्रिव्हेन यांचं १९५९ चं बुडबुडा वाढण्याचं उत्तर आपल्या कोडमधून येतंय का ते बघायलाच हवं, ही पायरी गाळणं चूकच आहे.

मोठ्या यंत्राच्या सिम्युलेशनमध्ये एकेक बुडबुडा पकडणं शक्य नाही. तिथे आरपीआय (अमेरिकेतल्या रेन्ससेलर पॉलिटेक्निकमधलं) मॉडेल चालतं, जे भिंतीची उष्णता तीन वाट्यांत विभागतं: साधं कन्व्हेक्शन (वाहत्या पाण्याने नेलेली), बुडबुडा सुटल्यावर थंड पाणी भिंतीला भिडतं ते, आणि वाफेत जाणारी. यासाठी एका चौरस मीटरवर बुडबुडे जन्मायच्या जागा किती, सुटताना त्यांचा व्यास केवढा, हे प्रयोगांवरून बांधलेल्या सूत्रांतून येतं, आणि एका दाबाला बसवलेलं सूत्र दुसऱ्या दाबाला चालेलच असं नाही.

एकेका बुडबुड्याकडे बघायचं तर भिंतीलगत त्याच्याखाली काही मायक्रॉन जाडीचा पाण्याचा थर राहतो, तो भराभर वाफ होतो, मेश तिथपर्यंत पोचत नाही म्हणून त्याचं वेगळं छोटं मॉडेल जोडतात. अमेरिकेत यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या विजय धीर यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास असं जोडून पूर्ण बुडबुडा वाढवून दाखवला, हे या विषयातलं फार मोलाचं काम.

पण बुडबुडा जन्मतो कुठे? धातूवरच्या बारीक खाचांमध्ये हवा किंवा वाफ अडकलेली असते, तिथे. पृष्ठभाग पॉलिश केला की तेच पाणी वेगळ्या तापमानाला उकळायला लागतं, आणि मेशला या खाचा दिसत नाहीत, म्हणून बहुतेक सिम्युलेशनमध्ये पहिला बुडबुडा हातानेच ठेवतात. लॅटिस बोल्ट्झमनच्या (द्रवाऐवजी जाळीवर फिरणाऱ्या कणसमूहांचं गणित करणारी पद्धत) काही प्रकारांत तो आपोआप तयार होतो खरा, पण घनतेचा १६०० पट फरक त्यांना झेपवणं अवघड जातं, आणि एकेका रेणूची हालचाल मोजणारं मॉलिक्युलर डायनॅमिक्स नॅनोमीटर आणि नॅनोसेकंदांतच अडकून राहतं.