हॅलो एल्बो आणि इंटर्नल रोटेशन: फरक चेंडू सुटण्याआधीच पाहावा लागतो

सॉफ्टबॉलच्या दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलींचे फोटो शेजारी ठेवा. दोघींचा हात मांडीजवळ आलाय, चेंडू नुकताच बोटांतून सुटतोय, तळहात कॅचरच्या, म्हणजे समोर चेंडू झेलणारीच्या दिशेला आहे. एक ‘हॅलो एल्बो’ (शेवटी कोपर वर नेण्याची पद्धत) शिकलेली, दुसरी ‘इंटर्नल रोटेशन’ने (शेवटी हात खांद्यापासून आत वळवून) टाकणारी. या फोटोवरून कोण कुठली हे इतकी वर्षं मुलींना शिकवूनही मला सांगता येणार नाही. म्हणूनच या दोन पद्धतींची गल्लत होते, आणि तिची किंमत मुलींच्या वेगाला मोजावी लागते.

मी स्वतः हॅलो एल्बोवर वाढले. मैदानावर आम्हाला एकच मंत्र मिळाला होता: मनगट झटक, कोपर वर आण, कोपराने कॅचरला नमस्कार कर. शालेय स्पर्धा मी त्याच्यावरच खेळले, आणि पुढे माझ्या मुलींनाही कितीतरी वर्षं तेच शिकवलं. आज ते शिकवत नाही. का, ते सांगते.

आधी पाहायचं कुठून ते ठरवू. पिचर उजव्या हाताची असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे तिच्या उजवीकडे, तिच्या बरोबर रेषेत उभं राहा आणि तिच्या खांद्यावर एक घड्याळ बसवलंय असं समजा. हात पुढे येतो तेव्हा तीन वाजलेत, डोक्यावर बारा, मागे नऊ, आणि मांडीजवळ सहा. काटा उलटा फिरतो, एवढंच. विंडमिलचं, म्हणजे पवनचक्कीसारख्या फिरणाऱ्या हाताचं वर्तुळ बारा वाजेपर्यंत दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखंच असतं. सगळा फरक नऊ ते सहा या पाव वर्तुळात आहे आणि साध्या डोळ्यांना तो टिपता येत नाही. त्यासाठी मोबाइलवर स्लो-मोशन लावावं लागतं.

हॅलो एल्बोमध्ये बारा वाजता चेंडू धरलेला तळहात दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या पाठीमागे वळलेला असतो. नऊ वाजता तळहात जमिनीकडे. तिथून सरळ ताठ हाताने चेंडू खाली दाबत आणायचा, मांडीपाशी मनगट झटकायचं आणि कोपर वर न्यायचं. हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकाच दांडक्यासारखा फिरतो.

इंटर्नल रोटेशनमध्ये नऊ वाजता तळहात आकाशाकडे असतो, कोपर किंचित वाकलेलं असतं. खाली येताना कोपर पुढे आणि हात मागे राहतो. करंगळीची बाजू आधी येते, तळहात तिसऱ्या बेसकडे उघडा असतो. मग दंड बरगड्यांच्या बाजूला येऊन मंदावतो, कोपरापुढचा हात कमरेला निसटता घासून पुढे जातो, आणि अगदी शेवटी सगळा हात खांद्यापासून आतल्या बाजूला वळतो. त्या वळण्यातच, क्षणभर, तळहात चेंडूच्या मागे येतो. फोटो निघतो तो नेमका याच क्षणी. पहिलीचा तळहात तिथे आधीपासून होता, दुसरीचा तिथून फिरत पुढे चाललाय. फोटोत दोघी सारख्या दिसतात.

वेग का वाढतो हे समजायला आसूड आठवा. आसूड ओढणारा मूठ जोरात पुढे नेतो आणि एकदम थांबवतो. मूठ थांबली की तिचा वेग वादीत उतरतो आणि टोक कडाडतं. मूठ थांबवलीच नाही तर वादी नुसती मागे फरफटत येईल. पिचिंगमध्ये पायांनी दिलेला रेटा पुढचा पाय रोवला की धडात येतो, धडातून दंडात, दंड अंगापाशी मंदावला की कोपरापुढच्या हातात आणि तिथून बोटांत. हॅलो एल्बोत दंड मंदावतच नाही, तो कोपर घेऊन वर निघालेला असतो. मग वेग द्यायला एकटं मनगट उरतं. मनगट दोन्ही पद्धतींत पुढे जातं, पण इंटर्नल रोटेशनमध्ये ते मागून आलेल्या वेगाने ओढलं जातं. मुद्दाम झटकलेल्या मनगटात तेवढी ताकद नसते. गुडघ्यावर बसून नुसत्या मनगटाने चेंडू टाकायचा सराव आम्ही तासन् तास केला. आज त्या तासांची मला खरोखर हळहळ वाटते.

मग हॅलो एल्बो इतकी टिकली कशी? कारण ती दिसते. चेंडू सुटल्यावर बऱ्याच चांगल्या पिचरचं कोपर वाकून वर येतं. वेगात आलेला हात थांबायला कुठेतरी जाणारच. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तीच शेवटची पोज राहते आणि प्रशिक्षक ती शिकवतो. पण चेंडू हातातून गेलेला आहे, आता कोपर कुठेही नेलं तरी त्या चेंडूला फरक पडत नाही. गंमत अशी की मोठ्या खेळाडूही आपण कसं टाकतो हे सांगताना ‘मनगट झटकते’ असंच सांगतात, कारण त्यांना हाताला तेच जाणवतं. त्यांचं स्लो-मोशन पाहिलं तर नऊ वाजता तळहात वर दिसतो. सांगितलेलं आणि केलेलं यात अंतर असतं. मी केलेल्यावर विश्वास ठेवते.

आता माझ्याकडच्या एका तेरा वर्षांच्या मुलीबद्दल. उंच, पायात भरपूर ताकद, आणि चेंडू मात्र पायांच्या मानाने हळू. गेल्या पावसाळ्यात तिची पद्धत बदलायला घेतली. आमच्याकडे रडार गन नाही, म्हणून मोबाइलवर मोजतो: सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन, चेंडू सुटल्यापासून कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) पोहोचेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. ती ४० फुटांवरून टाकते. पाय पुढे टाकून सोडते त्यामुळे चेंडूचा प्रवास साधारण साडेदहा मीटर होतो. सुरुवातीला १३० फ्रेम लागत होत्या, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. नवी पद्धत सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात १३८ फ्रेम झाल्या, वेग ६६ वर आला. चेंडू कधी कॅचरच्या डोक्यावरून, कधी थेट जमिनीत.

“मॅडम, आधीचंच बरं होतं,” तिचे वडील म्हणाले. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

गल्लत होण्याची ही दुसरी जागा. पद्धत चुकीची असणं आणि पद्धत अजून अंगवळणी न पडणं, दोन्हींत वेग कमीच दिसतो. फरक पुन्हा त्या पाव वर्तुळात सापडतो. नऊ वाजता तळहात वर असेल, कोपर पुढे असेल आणि तरी वेग कमी असेल, तर वाट पाहायची. तळहात पुन्हा खाली वळायला लागला असेल तर मुलगी वेगाच्या नादात जुन्या सवयीकडे परत चाललीय. आमच्या मुलीचं पहिलं होतं. म्हणून जिच्यावरून चेंडू जायला हवा ती प्लेट काढून टाकली, कॅचर उठवला, आणि महिनाभर पंधरा फुटांवरून भिंतीवर लावलेल्या जाळीत टाकायला लावलं. नेम नाही, स्ट्राइक नाही. नेम मागितला की हात चेंडूला वाट दाखवायला लागतो आणि पुन्हा ताठ होतो.

चार महिन्यांनी ११७ फ्रेम आल्या. ताशी ७७ किलोमीटरच्या जरा वर. हे सगळं पद्धतीचं श्रेय नाही, हे मला सांगायलाच हवं. त्या काळात तिची उंची वाढली आणि पाऊलही लांब पडायला लागलं. पाऊल लांबलं की चेंडू पुढून सुटतो आणि कमी अंतर कापतो, म्हणून दर वेळी सुटण्याची जागा टेपने मोजली नाही तर खोटा वेग मिळतो. आम्ही मोजली होती.

काही पालक व्हिडिओत ‘सत्तर’ ऐकून येतात आणि मुलीला सत्तरवर पाहून ती ऑलिंपिकच्या वेगात आहे असं समजतात. ते सत्तर मैल असतात, म्हणजे जवळपास ११३ किलोमीटर, आणि तेही मोठ्या खेळाडूंच्या ४३ फुटांवरून. अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटरचा चेंडू टाकला, तो गिनीज बुकात गेला. तेराव्या वर्षी ७७ किलोमीटर हा चांगला वेग आहे, त्याला मैलांशी जोडू नका.

कमरेला हात घासतो म्हणून तो मुद्दाम आपटायचा नसतो. पहिल्या आठवड्यात दोन मुलींच्या कमरेवर निळे डाग आले तेव्हा पाहिलं, तर दोघी सोडण्याआधीच छाती बंद करून कॅचरकडे वळत होत्या, म्हणून हाताला जायला वाटच नव्हती. धड थोडं उघडं राहिलं की स्पर्श हलका होतो.

आणि खांदा. खालून टाकतात म्हणून खांद्याला त्रास नाही, कितीही टाका, असं अजून सर्रास बोललं जातं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचर्सच्या अभ्यासात खांद्याचा सांधा ओढून सोडवू पाहणारं बळ सरासरी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के निघालं. पद्धत कोणतीही असो, हे ओझं चुकत नाही. जपानच्या युकिको उएनोने २००८ मध्ये बीजिंगला दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण जिंकलं, तो दाखला मला मुलींच्या बाबतीत ऐकायचा नाही. ती तेव्हा सव्वीस वर्षांची, पूर्ण घडलेली खेळाडू होती. आमच्याकडे एका दिवसात तीन सामने एकाच मुलीने टाकायचे, कारण संघात दुसरी पिचर नाही. मी यंदा तीन मुलींना शिकवायला घेतलंय, आणि नव्या पद्धतीच्या काळात कोपर किंवा खांदा दुखला की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबतो.

ती मुलगी या महिन्यापासून ४३ फुटांवरून टाकायला लागली आहे. फ्रेमची वही आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली.