कापसावरचा पाच टक्के कर आणि बँकेचं मार्जिन

कापूस विकणाऱ्या कास्तकाराला जीएसटी भरावा लागत नाही. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्याला या कायद्यात नोंदणीचीही गरज नाही. पण म्हणून कापूस करमुक्त झालेला नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर 5 टक्के कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आहे. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. हिंगणघाट असो, वणी असो की अकोट, जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी (कापसाचं बी) वेगळी करणाऱ्याला, हंगामभर हा कर आपल्या खिशातून भरावा लागतो.

कागदावर यात कुणाचंच नुकसान नाही. कापसावर भरलेला कर जिनिंगवाल्याच्या जीएसटी खात्यात क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजा करता येणारी रक्कम, म्हणून जमा होतो. पुढे रुईच्या गाठी आणि सरकी विकली की त्यावरच्या करातून ते क्रेडिट वळतं करता येतं. गाठी त्याच महिन्यात विकल्या आणि पैसेही आले, तर गाडी सुरळीत चालते.

अडचण येते ती माल पडून राहिला की. एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते आणि एक गाठ 170 किलोची असते. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. आवक दिवाळीनंतर एकदम वाढते, तर सूतगिरण्या गाठी घेतात वर्षभर, आपल्या गरजेप्रमाणे. त्यामुळे हंगामात गोदामात गाठींची थप्पी लागणारच. कर मात्र गाठी विकेपर्यंत थांबत नाही. नोव्हेंबरच्या खरेदीवरचा कर 20 डिसेंबरपर्यंत भरावा लागतो, तोही रोख. रिव्हर्स चार्जचा कर जुन्या क्रेडिटमधून भरता येत नाही.

आता बँकेकडे येऊ. जिनिंगला कापूस खरेदीसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी लिमिट मिळतं. लिमिट कितीही मोठं असलं तरी प्रत्यक्षात उचलता येते तेवढीच रक्कम, जेवढी ड्रॉइंग पॉवर. ती काढायची रीत सोपी आहे. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधली मालाची किंमत घ्यायची, त्यातून न दिलेले चुकारे, म्हणजे घेतलेल्या मालाचे द्यायचे राहिलेले पैसे, वजा करायचे आणि उरलेल्या रकमेतून बँकेचं मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, समजा 25 टक्के, कापायचं. या हिशेबात भरलेल्या कराला जागा नाही. कर म्हणजे गोदामात मोजता येणारा माल नव्हे.

एक उदाहरण मांडून पाहू. सोयीसाठी भाव 7,500 रुपये क्विंटल धरू. महिन्यात 10,000 क्विंटल घेतला, म्हणजे 7.50 कोटींची खरेदी झाली. त्यातला अर्धा माल, 3.75 कोटींचा, महिनाअखेर विकायचा राहिला. त्यावरचा कर झाला 18.75 लाख. बँक या मालावर 75 टक्के, म्हणजे 2.81 कोटी देईल. उरलेले सुमारे 94 लाख मालकाचे. त्यात कराचे 18.75 लाख मिळवले की मालकाचा वाटा 25 वरून 30 टक्क्यांवर जातो.

करात अडकलेल्या या 18.75 लाखांवर वर्षाला 10 टक्के व्याज धरलं तर महिन्याला साडेपंधरा हजारांच्या आसपास होतं. पडून असलेल्या 5,000 क्विंटलवर वाटलं तर क्विंटलमागे जेमतेम तीन रुपये. एवढ्याने भाव पडत नाही. खरा फटका दुसरीकडे बसतो. मार्जिन 25 टक्के असताना मालकाच्या एका रुपयावर चार रुपयांचा माल घेता येतो. 18.75 लाख करात अडकले, की 75 लाखांची खरेदी हातातून जाते. म्हणजे तब्बल 1,000 क्विंटल कापूस! नेमका आवक जोरात असताना हा खरेदीदार बाजार समितीच्या हर्रासात (लिलावात) हात आखडता घेतो. बोली लावणारे कमी झाले की भावाची चढाओढही कमी होते. काही जण खरेदी चालू ठेवतात आणि चुकारा पुढे ढकलतात.

चुकारा लांबला की बँकेचा दुसरा नियम कास्तकाराच्या घरात पोचतो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या योजनेत 7 टक्के व्याज असतं. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के सूट मिळते आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. पापळच्या या मोठ्या माणसाच्या नावाने चालणाऱ्या योजनेमुळे मुदतीत फेडलेल्या कर्जाचं व्याज शून्यावर येतं. पण मुदत चुकली की दोन्ही सवलती जातात. तीन लाखांच्या कर्जावर वर्षाचे 21,000 रुपयांपर्यंत अंगावर पडतात, आणि मुदतीनंतरचं व्याज वेगळं. म्हणून अनेक घरांत मार्चमध्ये हातउसने आणून कर्ज भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं, असं 'नवं-जुनं' चालतं. कापसाचे पैसे वेळेत आले तर ही धावपळ वाचते.

कास्तकाराने काट्यावर तीन गोष्टी बघाव्यात. पावतीवर वजन आणि दर स्पष्ट हवा. जीएसटीच्या नावाखाली एक पैसाही कापला जाऊ नये, कारण तो कर घेणाऱ्याचा आहे. चुकाऱ्याची तारीख पीककर्जाच्या मुदतीआधीची हवी. ही तारीख तोंडी न ठेवता पावतीवरच लिहून घ्यावी.

पैसे खात्यात आले की आणखी एक गैरसमज आडवा येतो. कापसाचं उत्पन्न शेतीचं म्हणून आयकरातून मुक्त आहे, पण त्याच पैशाच्या मुदत ठेवीवरचं व्याज शेतीचं उत्पन्न नाही. 2025-26 पासून हे व्याज एका बँकेत वर्षाला 50,000 च्या वर, ज्येष्ठांसाठी एक लाखाच्या वर गेलं, की बँक 10 टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापला जाणारा आयकर, कापते. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल, तर तसं स्वयंघोषणापत्र एप्रिलमध्येच शाखेत द्यावं. कापून गेलेली रक्कम परत मिळवायची तर विवरणपत्र भरावं लागतं.

रिव्हर्स चार्जचं गणित मात्र कास्तकार किंवा शाखा व्यवस्थापक बदलू शकत नाही. कापसावर घेतलेला कर पुढे गाठी-सरकीच्या करात जवळजवळ पूर्ण वळता होतो. त्याला अपवाद मुख्यतः सरकी ढेपेचा, म्हणजे सरकीतून तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा. ढेपेवर जीएसटी नसल्याने स्वतःचं तेल काढणाऱ्याला तेवढ्या वाट्याचं क्रेडिट सोडावं लागतं. म्हणजे सरकारच्या तिजोरीत या टप्प्यावर जास्तीचं फारसं काही पडत नाही, फक्त तेच पैसे काही आठवडे आधी येतात. कर थेट गाठीवर घेतला तर सरकारचं उत्पन्न जवळपास तेवढंच राहील आणि ऐन हंगामात हर्रासाला उभ्या असलेल्या खरेदीदाराकडे पैसा मोकळा राहील.