बेचाळीस डोंगर आणि उताराचा हिशेब

उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केसविक नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे. त्याच्या मुख्य चौकात मूट हॉल ही जुनी दगडी इमारत उभी आहे. जून १९३२ मध्ये एका मध्यरात्रीनंतर बॉब ग्रॅहम तिथून पळत निघाला. तो गावात गेस्ट हाउस चालवायचा. पायांत टेनिसचे बूट आणि अंगात पायजम्यावरचा सदरा, एवढाच त्याचा सरंजाम. भोवतालचे ४२ डोंगर चढून-उतरून तो त्याच दारात परतला, तेव्हा २३ तास ३९ मिनिटं झाली होती. त्या फेरीला आज 'बॉब ग्रॅहम राउंड' म्हणतात. अंतर सुमारे १०६ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे ८,२०० मीटर.

तिथले लोक डोंगराला 'फेल' म्हणतात. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला हा शब्द. फेलवर पळण्यासाठी आखलेला रस्ता लागत नाही. माथे ठरलेले असतात, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. म्हणून हा खेळ पायांइतकाच नकाशाचाही आहे, आणि त्यातलं विज्ञान मला सगळ्यात जास्त इथेच आवडतं.

नकाशावरचा सोपा प्रश्न घ्या. तुम्ही एका धारेवर आहात, समोर दुसरी धार, मध्ये दरी. सरळ गेलात तर २ किलोमीटर, पण १५० मीटर उतरून पुन्हा १५० मीटर चढायचं. उंची न सोडता दरीच्या डोक्यावरून आडवं मारत गेलात तर ३ किलोमीटर. कुठून जाल? याचं उत्तर १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने जवळपास देऊन ठेवलं होतं. त्याचा ठोकताळा असा: ताशी ३ मैल धरा आणि दर २,००० फूट चढाईला एक तास जास्तीचा मोजा. म्हणजे चढाईचा एक मीटर सपाटीवरच्या साधारण आठ मीटरांच्या बरोबरीचा. मग सरळ वाटेचे २ किलोमीटर आणि चढाईचे १.२, मिळून ३.२ होतात. वळसा घालणारा आधी पोचतो. नियम चालणाऱ्यांसाठी केलेला होता, पण फिलिप स्कार्फ या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये तो फेल शर्यतींच्या आकड्यांवर तपासला, तेव्हा हा आठाचा भाव पळणाऱ्यांनाही बऱ्यापैकी लागू पडला. त्या भावाने ग्रॅहमची फेरी सपाटीवरच्या १७० किलोमीटरांएवढी भरते.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये असं आडवं मारायला मदत करतात त्या मेंढ्या. हर्डविक जातीच्या मेंढ्या पिढ्यानपिढ्या आपापल्या डोंगराला धरून राहतात, आईमागून हिंडत कोकरू आपली हद्द शिकतं. त्यांच्या खुरांनी पडलेल्या अरुंद वाटा बरेचदा उंची राखून जातात. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ढोरवाट म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तेच हे. या मुलखातला सगळ्यात नावाजलेला फेल धावपटू जॉस नेलर वॉसडेल खोऱ्यातला मेंढपाळ होता, यात मला काही योगायोग वाटत नाही.

सगळीकडे मात्र आडवं मारता येत नाही. स्कॅफेल पाइक (९७८ मीटर, इंग्लंडचा सर्वोच्च माथा) आणि शेजारचा स्कॅफेल (९६४ मीटर) नकाशावर अगदी खेटून आहेत. मध्ये मिकलडोर ही खिंड आहे आणि खिंडीच्या पलीकडे थेट कातळ. ब्रॉड स्टँडचा कातळटप्पा चढलात तर वाट सर्वांत छोटी, पण तिथला निसटलेला पाय जिवावर बेतू शकतो. नाहीतर एका बाजूने लॉर्ड्स रेकची घसाऱ्याने भरलेली घळ, किंवा दुसऱ्या बाजूने आणखी उतरून फॉक्सेस टार्नची घळ. समोर दिसणाऱ्या माथ्यावर जाण्यासाठी मुद्दाम खाली उतरावं लागतं.

नेस्मिथच्या नियमात या उतरण्याची किंमत शून्य आहे. फेरी जिथून सुरू झाली तिथेच संपते, म्हणजे ८,२०० मीटर चढलेला माणूस तितकेच मीटर उतरतोही. तो उतार फुकट असतो का?

२००२ मध्ये इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींतल्या धावपटूंना वेगवेगळ्या कलांच्या ट्रेडमिलवर पळवून त्यांचा ऑक्सिजन मोजला. सपाटीवर शरीराच्या दर किलोमागे प्रत्येक मीटरला सुमारे ३.४ ज्यूल ऊर्जा लागली. २० टक्के चढावर साधारण ९ ज्यूल. २० टक्के उतारावर फक्त १.७, आणि हा सगळ्यात स्वस्त उतार. त्याहून तीव्र उताराला खर्च पुन्हा वाढतो. आता बेरीज करा. अशा चढावर एक मीटर आणि अशा उतारावर एक मीटर पळण्याचे मिळून १०.७ ज्यूल, सपाटीवरच्या दोन मीटरांना ६.८. चढाने घेतलेलं सगळं उतार परत देत नाही.

तरीही उतार स्वस्त आहे हे खरंच. याचा सुंदर पुरावा १९५२ मध्ये लंडनमध्ये मिळाला. ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते फिरू न देण्यासाठी उलट जोर लावायचा. रॉयल सोसायटीतल्या प्रात्यक्षिकात लहान चणीच्या बाईने नुसतं अडवत राहून धिप्पाड पुरुषाला दमवलं. पेडल मारणाऱ्याचा स्नायू आखडत काम करतो. अडवणाऱ्याचा स्नायू ताण धरूनच लांबत जातो, आणि अशा लांबत्या कामाला ऑक्सिजन फार कमी लागतो.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं हेच काम चालतं. पाय टेकला की गुडघा वाकतो, स्नायू लांबतो आणि तोच शरीराचा ब्रेक होतो. भार पेलायला थोडेच तंतू कामाला लागतात, म्हणून दम लागत नाही. पण त्या थोड्या तंतूंवर भार मोठा पडतो आणि त्यांची आतली बारीक रचना जागोजागी फाटते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॉटशॉल आणि क्रॅम यांनी २००५ मध्ये मोजलं, तेव्हा ९ अंशांच्या उतारावर पाय आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि ब्रेकचा जोर ७३ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात त्या यामुळे. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं.

म्हणूनच चढ धापा टाकायला लावतो, तर उतार गुपचूप कर्ज वाढवत नेतो. धाप लागली की आपण थांबतो. मांड्यांचं फाटणं चालू असताना मात्र फारसं काही जाणवतच नाही, आणि कसलेला धावपटूही फसतो तो इथे.

यावर उपाय आहे, आणि तो शरीराने स्वतःच ठेवला आहे. एकदा उतारावर बेताने पळून मांड्या दुखल्या, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने त्या पहिल्याइतक्या दुखत नाहीत. स्नायू एकाच धड्यात शिकतो. त्यामुळे फेरीआधी महिनोन्महिने तिचे तुकडे पळून पाहणारे लोक वाट तर शिकतातच, मांड्याही घडवतात. तंत्रानेही फरक पडतो. टाच लांब पुढे टाकली की ब्रेक करकचून लागतो. पावलं आखूड आणि भराभर टाकली की तोच भार अनेक पावलांत वाटला जातो.

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी केली तर बेचाळिसावा माथा रॉबिन्सन. तिथून पुढे मोठा चढ उरत नाही. खाली न्यूलँड्सच्या खोऱ्यापर्यंत तीव्र उतार, वाटेत काही कातळाच्या पायऱ्या, आणि मग केसविकपर्यंत डांबरी रस्ता. घड्याळात चोवीसावा तास चालू असतो, श्वास केव्हाच जागेवर आलेला असतो, आणि मूट हॉलचं दार गाठायचं की नाही हे आता मांडीचा पुढचा स्नायू ठरवत असतो.