पांढरी पाच की पांढरी तीन : ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमची नाशिकमधली पार्श्वभूमी

यंदा १३ फेब्रुवारीला शुक्रवार आला. १९७० सालीही त्या तारखेला शुक्रवारच होता आणि त्या दिवशी इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम दुकानांत आला. नाशिकमध्ये हा अल्बम जपणारी माणसं थोडी आहेत, पण आहेत ती पक्की. सातपूरच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं पाळ्या केलेले, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, कॉलेज रोडच्या गल्ल्यांत गिटारचे क्लास घेणारे आणि आता त्यांची मुलं. यंदा ही मंडळी गंगापूर रोडवरच्या एका घरात जमली. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून झाला आणि पंचवीस वर्षं न मिटलेला वाद पुन्हा निघाला : पहिल्या गाण्यात गिटारवादक टोनी आयोमीने तारा उतरवलेल्या, म्हणजे सैल करून सूर खाली आणलेल्या, आहेत की नाहीत?

बाहेरच्या माणसाला यात किरकोळ हुज्जत दिसेल. पण या संगीताला जो जडपणा आला तो नेमका कुठून आला, हा सगळा प्रश्न त्या सहा तारांच्या ताणावर येऊन थांबतो. म्हणून या टिपणात बाकी गोष्टी थोडक्यात उरकून तारांकडे जास्त जागा दिली आहे.

ध्वनिमुद्रण १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात, बारा तासांच्या आसपास झालं. तिघं वादक एकत्र वाजवत होते, गायक ऑझी बाजूच्या बूथमध्ये उभा राहून त्याच वेळी गात होता आणि बहुतेक गाण्यांना दुसरा टेक मिळालाच नाही. ‘विकेड वर्ल्ड’ झालं आणि आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा, तारांचा आवाज उचलणारा पिकअप गेला. मग राखीव म्हणून आणलेली गिब्सन एसजी हातात आली आणि उरलेला अल्बम तिच्यावर वाजला. सुरुवातीचा पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा ही वाजवणाऱ्यांची कामगिरी नव्हे. वाजवणं उरकल्यावर ते आवाज निर्मात्याच्या बाजूने जोडले गेले. नाशिकच्या माणसाला मात्र ती सुरुवात कधी परकी वाटली नाही. रामकुंडाशेजारी नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवर टांगलेली प्रचंड घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा म्हणूनच इथे ओळखली जाते. गोदावरीला पूर चढत असताना, पावसात, त्या घंटेखाली उभं राहिलेल्या माणसाला अल्बमचा पहिला अर्धा मिनिट कुणी समजावून सांगावा लागत नाही.

समीक्षकांनी तेव्हा अल्बम झोडपला. लोकांनी तो घेतला : ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत, अमेरिकेत तेविसाव्यापर्यंत. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅमच्या पाणचक्कीसमोर काळ्या झग्यात उभी असलेली बाई कोण, हे पुढची अनेक दशकं ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आतल्या पानावर छापलेला उलटा क्रूस बँडला विचारून छापला नव्हता आणि त्यावरून झालेला त्रास मात्र चौघांनी भोगला.

नाशिकला हा अल्बम मुखपृष्ठाशिवायच पोचला. नव्वदच्या दशकात इथे असलं संगीत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता : मुंबईला किंवा पुण्याला कुणाकडे तरी मूळ रेकॉर्ड असायची, त्याच्याकडून कॅसेट भरून आणायची आणि तिच्यावरून पुढच्या भरायच्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. हा अल्बम साधारण ३८ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला तो बसतो आणि वर थोडी फीत कोरी राहते. दुसऱ्या बाजूला बहुतेक ‘पॅरानॉइड’ हा दुसरा अल्बम असायचा. गंगापूर रोडवरच्या त्या घरात अशी एक कॅसेट अजून आहे. कागदावर निळ्या शाईने ‘सॅबथ – १’ असं लिहिलेलं, ‘विकेड वर्ल्ड’खाली दोन रेघा, आणि फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवल्यामुळे एका चाकाचे दात झिजलेले.

त्या दोन रेघांना कारण आहे. ब्रिटिश आवृत्तीत ‘ईव्हिल वुमन’ होतं, ते दुसऱ्या एका अमेरिकी बँडचं गाणं. अमेरिकी आवृत्तीतून ते गेलं आणि त्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ आलं. त्यामुळे कुणाची कॅसेट कोणत्या मुळावरून उतरली हे एका गाण्यावरून कळायचं आणि ‘खरा’ पहिला अल्बम कुणाचा यावर तासन्‌तास जायचे. अमेरिकी आवृत्तीत लांब गाण्यांच्या आधीच्या वादनालाही स्वतंत्र नावं चिकटवली गेली. त्यांतलं एक आहे ‘अ बिट ऑफ फिंगर’, म्हणजे बोटाचा तुकडा. ज्या गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं गेलेली, त्याच्या अल्बमवर हे नाव ठेवताना कुणाला काहीच वाटलं नसेल का?

आता तारा.

तारा उतरवल्या आहेत असं म्हणणाऱ्यांचा आधार आयोमीच्या हातात आहे आणि तो खोटा नाही. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, तो बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. बँडसोबत परदेशी जायचं ठरलं होतं आणि तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. पत्रा दाबायच्या प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला त्याच्या मशीनवर बसवलं. दुपारी जेवायला घरी गेल्यावर परत जायचं नाही म्हणाला, आईने परत पाठवलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. सातपूर-अंबडला ही गोष्ट सांगताना ‘बोट गेलं’ या दोन शब्दांत सांगतात आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर बसवलेला माणूस, पाळी संपायला राहिलेले थोडे तास, हे इथल्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. नाशिकमध्ये सॅबथ रुजला तो सैतानाच्या गोष्टींमुळे नव्हे, या एका दुपारमुळे, असं हे टिपण लिहिणाऱ्याचं ठाम मत आहे.

त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून दिली. राइनहार्टची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो वाजवत होता. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. टोपीतून तार कळत नाही, जाड तार दाबवत नाही. बारीक तारांचा संच तेव्हा त्याला मिळत नव्हता, म्हणून त्याने बँजोच्या तारा गिटारला चढवल्या. आणि १९७१ साली, ‘मास्टर ऑफ रिऍलिटी’ या तिसऱ्या अल्बमवर, त्याने गिटार तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या लगतच्या तीन पट्ट्या, खाली आणली. तार सैल झाली, बोटाला सोपी झाली आणि आवाज जमिनीत गेला.

इथेच गाठ बसली. बोटं गेली १९६५ मध्ये, तारा उतरल्या १९७१ मध्ये आणि सांगताना मधली सहा वर्षं गळून पडली. ‘बोटं गेली म्हणून तारा उतरवल्या आणि त्यातून पहिला अल्बम झाला’ ही गोष्ट फार सुबक आहे, म्हणूनच ती टिकली. पण पहिला अल्बम नेहमीच्या सुरात वाजवलेला आहे. ज्या जडपणाने पुढची पन्नास वर्षं व्यापली, तो तारा जरासुद्धा न उतरवता निघाला.

नाशिकमध्ये हा गैरसमज पक्का व्हायला कॅसेटही कारणीभूत आहे. भरताना एका डेकची मोटर जरा जलद फिरली की तीच फीत दुसऱ्या डेकवर संथ वाजते आणि सूर खाली येतो. सहा टक्के वेग घटला की अख्खा अर्धस्वर उतरतो. तीन पिढ्यांच्या प्रतीत एवढा फरक सहज पडायचा. रेकॉर्डवरचं गाणं कधी न ऐकलेला मुलगा कॅसेटबरोबर गिटार जुळवायचा आणि त्याला तारा सैल कराव्याच लागायच्या. त्याच्या कानाने त्याला खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या फितीने सांगितलं. पण तीन अर्धस्वरांची गोष्ट वेगळी. तेवढं उतरायला वेग सोळा टक्के घटावा लागतो. मग ३८ मिनिटांचा अल्बम पंचेचाळीस मिनिटांवर जाईल, शेवटचं गाणं बाजूत मावणार नाही आणि ऑझी ऑझीसारखा वाटणार नाही. अर्धस्वराचा दोष फितीचा. बाकीच्या दोन अर्धस्वरांचा दोष नंतरच्या मैफलींचा. १९९८ साली आलेल्या ‘रीयुनियन’ या मैफलीच्या अल्बममध्ये हीच गाणी उतरवलेल्या सुरात आहेत, आणि इंटरनेट आल्यावर इथल्या मुलांनी गाणी शिकली ती बहुतेक मैफलींच्या चित्रफिती पाहून.

याचा निवाडा पेटीवर होतो आणि त्यासाठी गिटार लागत नाही. पहिल्या गाण्याचा मुखडा तीन स्वरांचा आहे : पांढरी पाच (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी), तिची वरच्या सप्तकातली जोडी आणि मग थरथरत येणारी काळी एक. षड्ज, तार षड्ज, तीव्र मध्यम. रेकॉर्ड लावून पांढरी पाच दाबली की केसभर इकडेतिकडे, पण जुळते. जुन्या कॅसेटवर तोच षड्ज काळी तीनच्या आसपास भेटतो. तारा तीन अर्धस्वर उतरवल्या असत्या तर तो पांढरी तीनवर असता.

याच तीव्र मध्यमाला पाश्चात्त्य सांगणारे ‘सैतानाचं अंतर’ म्हणतात आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातल्याचं सांगतात. तशा बंदीचा पुरावा नाही. सैतानाचं नाव या अंतराला अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतग्रंथांत जोडलेलं दिसतं. मुखड्याचा उगमही साधा आहे. बासवाला बटलर संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला मंगळाचा भाग छेडत होता आणि दुसऱ्या दिवशी आयोमी हे तीन स्वर घेऊन आला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात जिथे रामनामाचा आश्रम थाटला त्या गावात तीव्र मध्यमाला घाबरणारं कुणी नाही. तो यमनमध्ये शिकवतात, मुलांना अगदी सुरुवातीला. मग तोच स्वर इथे छातीवर धोंड ठेवल्यासारखा का बसतो? यमनमध्ये तीव्र मध्यमाला पंचम जवळ असतो, गंधार जवळ असतो, जायला वाट असते. इथे पंचमावर विसावा मिळतच नाही. ड्रमवाला वॉर्ड याचे ठोके अंतरा-अंतराने पडतात आणि तो स्वर अधांतरी कापत राहतो. जडपणा त्या अडवलेल्या पंचमात आहे, सैल तारेत नाही.

याच अल्बममधल्या ‘एन. आय. बी.’ या गाण्याच्या नावाचा घोळ तुलनेने लवकर मिटतो. त्याचा लांबलचक सैतानी अर्थ चाहत्यांनी लावला. मूळ गोष्ट एवढीच की वॉर्डची दाढी टोकदार होती, शाईच्या पेनच्या निबसारखी, आणि चिडवण्यातून नाव पडलं. मधले ठिपके नंतर आले.

गेल्या वर्षी या सगळ्याला वेगळं वजन आलं. ५ जुलै २०२५ रोजी मूळ चौघं व्हिला पार्क या स्टेडियमवर, म्हणजे बर्मिंगहॅममधल्या त्यांच्याच ॲस्टनमध्ये, एकत्र आले. वॉर्ड कितीतरी वर्षांनी त्यांच्यात होता. ऑझी उभा राहू शकत नव्हता, सिंहासनावर बसून गायला. चार गाणी झाली आणि त्यांतलं पहिल्या अल्बममधलं एकच : ‘एन. आय. बी.’ नाशिकला तेव्हा पहाट व्हायला आली होती, बाहेर आषाढाचा पाऊस होता आणि तीन-चार घरांत लोक पडद्यासमोर बसून होते. २२ जुलैला ऑझी गेला. त्यानंतर आलेली ही पहिली १३ फेब्रुवारी.

यंदा वाद काढणाऱ्यांत एक जण होता, त्याच्या डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. अंबडला प्रेसवर गेलं, सत्तावीस वर्षं झाली. अपघातानंतर दोन वर्षांनी त्याने पुन्हा गिटार धरली ती तारा तीन अर्धस्वर उतरवून, आणि पहिल्या अल्बममध्येही तारा उतरवलेल्या आहेत असं तो तेव्हापासून सांगत आला. घरात मुलीची परीक्षेची पेटी होती. रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली. पाऊस, गडगडाट, घंटा. पहिला स्वर पडला तेव्हा त्याने भाता ओढला आणि पांढरी पाच दाबली. जुळली. एकदा सोडून परत दाबली.

“पाचच आहे,” तो म्हणाला. “मी आपला तीनलाच वाजवणार.”