बिनोद (मीम)

यूट्यूबवरील एका असंबद्ध प्रतिक्रियेतून २०२० च्या पावसाळ्यात भारतभर पसरलेले आंतरजालीय मीम. एका प्रेक्षकाने चित्रफितीखाली, तिच्या विषयाशी काडीचाही संबंध नसताना, केवळ ‘बिनोद’ हे स्वतःचे नाव लिहिले होते.

मीमचा आरंभ त्या प्रतिक्रियेपासून धरावा की तिची टर उडवणाऱ्या चित्रफितीपासून, याबाबत दोन मते संभवतात. ‘स्ले पॉइंट’ या यूट्यूब वाहिनीच्या अभ्युदय व गौतमी या जोडीने साधारण जुलै २०२० च्या मध्यास भारतीय प्रतिक्रियांची खिल्ली उडवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत ही प्रतिक्रिया होती. त्याआधी तिचे अनुकरण झाल्याचे दिसत नाही, म्हणून आरंभ चित्रफितीपासून धरणे अधिक सयुक्तिक.

‘बिनोद’ला मुळात मीम म्हणावे का, हा वर्गीकरणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या मीमच्या मूळ कल्पनेत अनुकरणाने होणारा प्रसार पुरेसा होता. आंतरजालीय मीमच्या अभ्यासक लिमोर शिफमन मात्र जसाच्या तसा पसरणारा ‘व्हायरल’ मजकूर आणि बदलत जाणारे मीम यांत फरक करतात. ‘बिनोद’मध्ये अक्षरही बदलत नाही, तेव्हा वरवर पाहता ते व्हायरल ठरते. परंतु शिफमन आशय व रूप यांच्याबरोबर बोलणाऱ्याचा पवित्राही विचारात घेतात, आणि बदल झाला तो नेमका तिथे. मूळ प्रेक्षकाने जे सरळपणे लिहिले, तेच अनुकरण करणाऱ्यांनी ठरवून, वेडगळपणाचा आव आणून लिहिले. या कसोटीवर ‘बिनोद’ला मीम म्हणण्यास हरकत नसावी. स्वस्त डेटामुळे नव्याने आंतरजालावर आलेल्या वर्गाची कुचेष्टा त्यात मिसळली होती, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हे नाव ट्विटरवर पोहोचले. एका वापरकर्त्याने आव्हान देताच पेटीएमने तेथील आपल्या खात्याचे नाव ‘बिनोद’ केले. मुंबई पोलिसांनीही, हे नाव कोणी पासवर्ड म्हणून ठेवले असेल तर बदलावे, असा मिश्कील सल्ला दिला. पुढे ओघ आटला.

‘देख रहा है बिनोद’ हे वाक्य २०२२ मधील ‘पंचायत’ या वेबमालिकेच्या दुसऱ्या पर्वातील आहे. दोहोंची सरमिसळ होत असली, तरी हे वाक्य मालिकेतील प्रसंगातून आले असल्याने ते स्वतंत्र मीम मानावे.